ह्यात लोखंड आसा मा?

मे महिन्याच्या अखेरीस आभाळ भरून येते, वारा पडतो, अंगाची लाही होते आणि पाऊस मात्र येत नाही, अशा एका दुपारी आमच्या पडवीत रतांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडायचे काम चालू होते. मध्ये फळांचा ढीग, भोवती पाच-सहा बायका, एकीकडे सालांची टोपली आणि दुसरीकडे बियांची, आणि सगळ्यांचे हात मनगटापर्यंत लालजांभळे झालेले. त्यांतली एक बाई, जी गेली चार वर्षे हंगामात माझ्याकडे येते, मध्येच उठली, न्हाणीपाशी जाऊन हात धुतले आणि खुंटीला अडकवलेल्या पिशवीतून न्याहारीच्या सिरियलचा एक रंगीत खोका काढून माझ्यासमोर धरला. खोक्यावर डोळे विस्फारलेला एक व्यंगचित्रातला प्राणी होता, वाडग्यातून उसळणारे दूध होते आणि चॉकलेटी रंगाचे शिंपले त्या दुधात उड्या मारीत होते. "वयनीनू, तुमका वाचाक येता, जरा बगून सांगा," ती म्हणाली. "ह्यात लोखंड आसा मा?" माझे हात चिकट होते, चष्मा आत फळीवर होता, बाजूला साखर तोलायची राहिली होती. मी खोका हातातसुद्धा न घेता दुरूनच पाहिले. वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लोह असे छापलेले दिसत होते. "आसा गो," मी म्हटले. तिचा चेहरा उजळला, खोका पुन्हा पिशवीत गेला आणि ती कामाला बसली.

त्या दोन अक्षरांनी मला रात्रभर झोपू दिले नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण जेवण झाल्यावर ओटा पुसताना ती पुन्हा आठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. तिने प्रश्न विचारला होता तो उगाच नव्हे. तिची धाकटी मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. शाळेत तपासणी झाली तेव्हा तिचे हिमोग्लोबिन ९.८ भरले. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ते निदान ११.५ असावे लागते. आठवड्याला एक गुलाबी गोळी शाळेतून मिळते. त्या गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह असते, पण ही मुलगी गोळी गालात धरते आणि घरी येताना वईच्या कडेला थुंकते, हे तिच्या थोरल्या भावाने फोडलेले गुपित. अशा वेळी बाजारातल्या दुकानदाराने सांगितले की ह्या खोक्यात लोखंड असते आणि मुले ते मागून खातात. एकशे नव्वद रुपये, म्हणजे तिच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीहून अधिक, तिने त्यासाठी मोजले. आणि ज्या बाईला वाचता येते म्हणून ती विश्वासाने विचारायला आली, त्या बाईने न वाचताच उत्तर दिले.

तिसऱ्या दिवशी मी तिला तो खोका पुन्हा आणायला सांगितले आणि रात्री दिव्याखाली, चष्मा लावून, तो सर्व बाजूंनी वाचला. दर्शनी बाजूला जे असते ते जाहिरात असते आणि मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत जे असते ते कायद्याच्या धाकाने लिहिलेले असते, हे मला ठाऊक आहे, कारण माझा स्वतःचा लहानसा गृहउद्योग आहे आणि अशी मुंगीची पावले मीही छापून घेत असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. या यादीत पहिले गव्हाचे पीठ होते आणि दुसरीच साखर. पुढे कोको, तेल, आणि मग जरा अंतर ठेवून माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणि लिक्विड ग्लुकोज. ही दोन्ही साखरेचीच भावंडे, पण वेगळ्या नावाने आल्यामुळे रांगेत मागे उभी राहतात. एका घरातली तीन माणसे शिधावाटपाच्या रांगेत वेगवेगळी उभी राहावीत, तसे. तक्त्यात शंभर ग्रॅमला मिसळलेली साखर २८ ग्रॅम होती. ब्रिटनमध्ये शंभर ग्रॅमला साडेबावीस ग्रॅमच्या वर साखर असलेल्या पदार्थाला दर्शनी बाजूच्या रंगीत खुणांत लाल खूण मिळते; तिथे हा खोका लाल ठरला असता. चिली या देशात २०१६ पासून असल्या खोक्यांवर काळी अष्टकोनी खूण असते आणि मुलांना भुलवणारी व्यंगचित्रे छापताच येत नाहीत, त्यामुळे जगभर ओळखीचा असलेला एक वाघही तिथल्या खोक्यांवरून उतरला. आपल्याकडे दर्शनी खुणेचा मसुदा २०२२ मध्ये निघाला, पण आमच्या बाजारात येणाऱ्या खोक्यावर अजून तरी त्या प्राण्याचे डोळे तेवढे मोठे आहेत.

साखरेच्या पुढे टक्के होते, आणि तिथे मी जास्त वेळ थांबले. तीस ग्रॅमच्या एका सर्व्हिंगमध्ये साखर ८.४ ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या १७ टक्के. सतरा टक्के ऐकायला काहीच नाही. पण ही मर्यादा कोणाची? आपल्या लेबलांच्या नियमांत ही टक्केवारी २००० किलोकॅलरी आणि ५० ग्रॅम साखर धरून काढतात, आणि तो हिशोब मोठ्या माणसाचा आहे. खोक्यावर मूल, खोक्यात मुलाचा खाऊ, आणि मागच्या बाजूला तोलायला मात्र बाप बसवलेला. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची गरज आपल्या हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२० मध्ये सुमारे १७०० किलोकॅलरी धरली आहे. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते की मिसळलेल्या साखरेतून येणारी ऊर्जा दहा टक्क्यांच्या आत असावी आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक चांगले. १७०० चे पाच टक्के म्हणजे ८५ किलोकॅलरी, म्हणजे २१ ग्रॅम साखर. त्या हिशोबाने तीच ८.४ ग्रॅम साखर सतरा टक्के राहत नाही, चाळीस टक्के होते. आणि हे सकाळी साडेसातला, शाळेच्या वाटेवरचे दुकान अजून उघडायचे असताना.

शिवाय ते तीस ग्रॅम.

तीस ग्रॅम म्हणजे किती, हे मी आजवर कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. माझ्याकडे सरबताच्या मालासाठी घेतलेला इलेक्ट्रॉनिक काटा आहे. मी त्या मुलीला बोलावले, तिच्या हातात तिच्या घरच्यासारखाच एक स्टीलचा वाडगा दिला आणि रोज घेतेस तेवढे घे म्हटले. तिने खोका दोन्ही हातांनी तिरका केला, शिंपल्यांचा खळखळाट झाला, वाडगा काठापर्यंत भरला, एक शिंपला ओट्यावर पडला तो तिने उचलून तोंडात टाकला. काट्यावर ४८ आले. मग मी तिच्यासमोर तीस ग्रॅम काढून दाखवले. वाडग्याचा तळ जेमतेम झाकला गेला होता आणि ती माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, की जणू मी तिची चेष्टा करते आहे. अठ्ठेचाळीस ग्रॅमला साखर साडेतेरा ग्रॅम. त्यात दूध गोड लागावे म्हणून आई चमचाभर साखर घालते ती निराळी. एकवीस ग्रॅमपैकी फारसे काही उरत नाही. अर्थात, जास्त वाढून घेतले की लोहही वाढते, हा हिशोब माझ्या मनात लगेच आला आणि मला हसू आले, कारण खोक्यावर शंभर ग्रॅमला १० मिलिग्रॅम लोह लिहिले होते आणि या मुलीला दिवसाला १५ मिलिग्रॅम लागते. वाडगाभर शिंपल्यांत तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा येत होता. आईचे काही चुकले नव्हते. लोखंड खरेच 'आसा'.

इथवर आल्यावर माझ्या वयाच्या बाईने काय करावे ते ठरलेले असते. पेजेची आठवण काढावी. उकड्या तांदळाची पेज, वर चमचाभर खोबरेल किंवा तूप, बाजूला भाजलेला सुका बांगडा किंवा करवंदाचे लोणचे, चुलीपाशी बसून, वाडग्याच्या काठाला ओठ लावून, फुर्र आवाज करीत प्यायलेली. तो वास मला अजून येतो, विशेषतः पहिल्या पावसात ओल्या सरपणाचा धूर मागच्या दारी रेंगाळतो तेव्हा. आणि त्या वासाच्या जोरावर मी त्या खोक्याला सहज झोडपले असते. पण काटा एकदा बाहेर काढला की तो दोन्ही बाजूंनी धरावा लागतो. शंभर ग्रॅम तांदळात लोह एक मिलिग्रॅमच्या आगेमागे असते, आणि आमच्या वाडग्यात तांदूळ शंभर ग्रॅम कधीच नसायचे. पेजेत पाणी किती आणि शीत किती, हे महिन्याचा कितवा दिवस आहे यावर ठरायचे. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुली फिकट होत्या. आम्हांला कोणी तपासले नाही, म्हणून आम्ही निरोगी ठरलो.

पेजेच्या भोवती जे असायचे ते खरे महत्त्वाचे होते, असे मला आता वाटते. आदल्या रात्रीची कुळथाची पिठी, जिच्या पिठात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. तिसऱ्यांचे सुके, खाडीवर ओहोटीला जाऊन पोरांनीच वेचून आणलेल्या. सुक्या जवळ्याची चटणी. पावसाळ्यात टाकळा आणि भारंगी. आणि बिडाचा तवा. त्या तव्यावर घावणे निघायचे, आंबोळ्या निघायच्या, आणि थोडेथोडे लोखंडही निघायचे, हे कोणाच्या ध्यानीमनी नसताना. लोखंडी भांड्यात, त्यातही आंबट काही शिजवले, की अन्नातले लोह वाढते हे आता सगळे सांगतात. आमच्याकडचा तवा मीच, पंधरा वर्षांपूर्वी, जड पडतो आणि गंजतो म्हणून माळ्यावर टाकला आणि न चिकटणारा आणला. म्हणजे तव्यातले लोखंड मी माळ्यावर टाकायचे आणि खोक्यातले लोखंड तिने मजुरी देऊन विकत आणायचे.

नाचणीचेही असेच. सत्त्व, सत्त्व म्हणून आम्ही तान्ह्या मुलांना जे भरवले ते करताना नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाटायची, फडक्यातून गाळायची आणि खाली बसलेला पांढरट साका वाळवायचा. फडक्यात जे उरायचे ते गाईच्या आंबोणात. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते खरे, पण ते मोठ्या प्रमाणात टरफलाजवळ असते. म्हणजे आम्ही नाव सत्त्वाचे घेऊन पोराला पिष्ट दिले आणि अर्धे सत्त्व गाईला. मोड आणण्यात शहाणपण होते, त्याने धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. गाळण्यात फक्त नाजूकपणा होता. गाय मात्र धष्टपुष्ट होती.

आणि ह्या बाईच्या घरी खोका येण्यापूर्वी पेज होतीच कुठे? मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "आदी कोरी चाय नि बटर खाय होता. त्येच्यापेक्षा बरा मा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. बेकरीचे बटर, म्हणजे मैदा, वनस्पती तूप आणि वर साखरेचे दाणे, ते कोऱ्या चहात बुडवून. चहा तर जेवणातले लोह फारसे अंगी लागू देत नाही. त्याच्या जागी निदान वाडगाभर दूध मुलीच्या पोटात जाऊ लागले होते, आणि खोक्यावरच्या 'दुधासह' या रकान्यातली प्रथिने बरीचशी त्या दुधाचीच होती. जे खोका करत नाही ते खोक्याच्या निमित्ताने घडत होते. आम्ही सुशिक्षित माणसे खोक्याची तुलना आमच्या आठवणीतल्या न्याहारीशी करतो. ती मात्र कालच्या न्याहारीशी करत होती, आणि तिची तुलना जास्त प्रामाणिक होती.

हे शिंपले निघाले कुठून याचाही मी थोडा मागोवा घेतला. अमेरिकेतल्या बॅटल क्रीक या गावी १८९४ मध्ये केलॉग नावाच्या दोन भावांनी आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी उकडलेल्या गव्हाच्या पहिल्या पाकळ्या लाटल्या. थोरला डॉक्टर, साखरेचा वैरी. धाकटा हिशोबनीस, त्याला त्यात साखर हवी होती. दोघांचे जमले नाही आणि १९०६ मध्ये धाकट्याने आपली वेगळी कंपनी काढली. पुढे काय झाले ते आपल्या ओट्यावर दिसते. १९७० मध्ये रॉबर्ट चोएट नावाच्या गृहस्थाने अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे बाजारातल्या साठ सिरियल्सची पोषणानुसार क्रमवारी लावून त्यांतली चाळीस निव्वळ पोकळ कॅलरींची असल्याचे सांगितले, तेव्हा मोठा गहजब झाला. त्यानंतर थोड्याच काळात त्यांतल्या अनेकांत जीवनसत्त्वे आणि लोह घातले गेले. साखर काढण्यापेक्षा लोह घालणे सोपे होते. आमच्या वाडीतल्या त्या बाईला खोक्याच्या कोपऱ्यात जे लोह दिसले, त्याचे मूळ अशा एका भांडणात आहे. मला त्यात विशेष गंमत वाटली ती पाकळ्यांची: धान्य भिजवायचे, शिजवायचे किंवा भाजायचे, चपटे करायचे, कोरडे करायचे, आणि दुधात घालून खायचे. हे तर आमचे दूधपोहे. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून, 'गोविंदा' म्हणून ओरडून, जिभेला त्याचा कडूपणा लावून आत आलो, की पानावर दूध-गुळाचे पोहे असत. त्या गुळाचे वजन मी, काटा बाहेर होताच म्हणून, अंदाजाने करून पाहिले. आजीच्या मुठीएवढा. पंचवीस ग्रॅम. गूळ झाला तरी त्यात बहुतेक साखरच असते. फरक एवढाच की चतुर्दशी वर्षातून एकदा येते.

लोखंडाचा प्रश्न अजून सुटला नव्हता, म्हणून एका दुपारी मी जुन्या ट्रान्झिस्टरच्या स्पीकरमधले चुंबक शोधून काढले. अशा खाद्यपदार्थांत पुष्कळदा लोह म्हणजे खरोखरीची लोखंडाची बारीक भुकटी घालतात आणि ती चुंबकाला चिकटते, हे मी ऐकून होते. या खोक्याच्या यादीतही ते तसेच लिहिलेले दिसत होते. मुलीला खलबत्ता दिला. तिने मूठभर शिंपले कुटून त्याचे पीठ केले, मी ते पातेल्यात कोमट पाण्यात कालवले, चुंबक पांढऱ्या पातळ पिशवीत गुंडाळले आणि तिच्या हातात देऊन हळूहळू ढवळायला सांगितले. कोकोमुळे पाणी चिखलासारखे झाले होते. बायका काम टाकून भोवती जमल्या. पाच मिनिटे, सात मिनिटे. मग तिने चुंबक बाहेर काढले, मी पिशवी स्वच्छ पाण्यातून हलकेच फिरवली, आणि पांढऱ्या पिशवीच्या कडेला, जिथे चुंबकाची धार होती तिथे, करड्या रंगाची बारीक लव उभी राहिलेली दिसली. सुईच्या अग्रापेक्षा बारीक केस, चुंबक फिरेल तसे मान वळवणारे. मुलीच्या आईने बोट लावून पाहिले, बोट काळे झाले. "म्हणजे खिळो खातंव आमी?" एकीने विचारले आणि सगळ्या हसल्या. मला समजावून सांगावे लागले की पोटातल्या आम्लात हे विरघळते, सगळे नाही, थोडे; त्यातले आणखी थोडे रक्तात जाते; दुधातले कॅल्शियम त्याला जरा अडवते, चहा फारच अडवतो, आणि लिंबू, आवळा, पेरू असे काही सोबत असले तर जास्त अंगी लागते. सांगताना माझ्या ध्यानात आले की मी खोक्याची वकिली करते आहे. मी हेही सांगितले की ही भुकटी शाळेच्या गोळीची जागा घेणार नाही, आणि गोळी थुंकणाऱ्या मुलीने खाली पाहिले.

त्याच दुपारी, उन्हाने लाल झालेल्या त्या मुलीला मी नेहमीप्रमाणे कोकम सरबताचा पेला दिला.

नेहमीप्रमाणे हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. चार वर्षे, मे महिनाभर, ती आईबरोबर येते आणि मी तिला रोज एक पेला देते. त्यात माझे मन मोठे असल्याचा एक सुखद भाव असतो, तो मी नाकारत नाही. तिच्या वरच्या ओठावरचे लाल मिशीसारखे ओघळ मला आवडतात. पेला भरत होते तेव्हा माझ्याच बाटलीची मागची बाजू समोर आली आणि चष्मा डोळ्यांवर होता. घटक: साखर, कोकमाचा रस, मीठ, जिरे. साखर पहिली. असणारच, अमृत कोकम करायचे म्हणजे सालांच्या थरावर साखरेचा थर, सालांपेक्षा साखर जास्त, मग बरणी उन्हात ठेवायची आणि सात-आठ दिवसांत साखर विरघळून रस सुटतो. हे मी हाताने करते, तरी ते यादीत वाचल्यासारखे कधी वाटले नव्हते. खाली तक्ता होता, पहिल्या वर्षी प्रयोगशाळेतून करून आणलेला. शंभर मिलिलीटरला साखर ७८ ग्रॅम. सर्व्हिंग २० मिलिलीटर. हे २० कोणी ठरवले? मी. छापखान्यातल्या मुलाने विचारले, सर्व्हिंग किती टाकू, बाकीचे वीस टाकतात, आणि मी टाक म्हटले. वीस मिलिलीटरला साडेपंधरा ग्रॅम. काटा, मापे, सगळे ओट्यावर मांडलेले होतेच. मी नेहमी ओतते तेवढे मापात ओतून पाहिले. चाळीस भरले. म्हणजे एकतीस ग्रॅम, जवळजवळ आठ चमचे. तिच्या काठोकाठ भरलेल्या वाडग्यात होती त्याच्या दुपटीहून जास्त. आणि बाटलीच्या दर्शनी बाजूला, हिरव्या पानांच्या वेलबुट्टीत, मी छापून घेतलेले शब्द: कोकणचे नैसर्गिक पेय, पित्तशामक, लहानथोरांसाठी.

खोटे त्यातले काहीच नाही. त्या खोक्यावरही काही खोटे नव्हते.

मी बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. मनात पहिल्यांदा जे आले ते असे, की कोकमाची गोष्ट वेगळी, ती आपली आहे, घरात केलेली आहे, तिच्यात रंग घातलेला नाही. आणि हे सगळे खरे असूनही त्या एकतीस ग्रॅमांतला एकही ग्रॅम त्याने कमी होत नव्हता. दुसऱ्यांदा जे आले ते धंद्याचे. लेबलावर चाळीस छापले तर गिऱ्हाईक बाटली परत ठेवील; आणि सगळे वीस छापतात तिथे मी एकटीने चाळीस छापून काय होणार. हे वाक्य त्या खोक्याच्या कंपनीतही कोणीतरी, वातानुकूलित खोलीत, नेमके असेच म्हटले असेल. नव्या हंगामाच्या दोन हजार लेबलांचा नमुना छापखान्यातून फोनवर आलेला आहे आणि तो मी अजून मंजूर केलेला नाही. कोकमाच्या आगळाचे मात्र बरे असते; त्यात मीठ असते, साखर नसते, आणि ते कोणी पेलाभर पीत नाही.

त्या बाईला शेवटी मी काय सांगितले, तेही लिहिले पाहिजे, कारण तिने विचारले होते ते हो की नाही एवढेच. मी सांगितले की लोखंड आहे. साखरही आहे, आणि ती जरा जास्तच आहे. खोका संपेपर्यंत फेकू नको. पण वाडग्यात तळ झाकेल एवढेच शिंपले घाल, वर भाजलेले पातळ पोहे मुठीने घाल, दुधात वेगळी साखर घालू नको, आणि चहा त्या वेळी देऊ नको. रात्री पिठी किंवा तिसऱ्या असतील तेव्हा लिंबू पिळ. गोळी तुझ्यासमोर गिळायला लाव. तिने सगळे ऐकले आणि विचारले, मग पुढचा खोका आणू की नको. मी म्हटले, त्याच पैशात तीन किलो नाचणी येते. ती म्हणाली, नाचणी येते हो, पण तिची भाकरी सकाळी सहाला कोण भाजणार, मी तर तुमच्याकडे यायला निघालेली असते. ह्यावर मी गप्प राहिले. माळ्यावरचा तवा मात्र मी काढून आणला आणि चिंचेने घासून ठेवला आहे. तिने नेला तर तिला द्यायचा, नाही नेला तर माझ्या चुलीवर चढवायचा.

दुसऱ्या दिवशी मुलीला मी सरबत वीस मिलिलीटर मापून दिले आणि पेला पाण्याने भरला. तिने एक घोट घेतला, पेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. आईने लांबून पाहून डोळे मिचकावले आणि शेजारणीला काहीतरी सांगितले. वयनी हात आखडता घेऊ लागली, एवढे शब्द माझ्यापर्यंत आले. मुलीने तक्रार केली नाही. पिशवीत गुंडाळलेले चुंबक तिथेच ओट्यावर पडलेले होते, ते तिने उचलले, पेल्यात बुडवले आणि कालच्यासारखेच, हळूहळू, मन लावून ढवळू लागली. मग बाहेर काढून उजेडात धरले, पिशवी उलटसुलट करून पाहिली.

"काकी," ती म्हणाली, "ह्यात कायच गावाक नाय."